ज्यानं दिलं, त्याला

फुटबॉल अकरा जणांनी खेळायचा असतो, हे मला मॅनेजर झाल्यावर चौथ्या दिवशी कळलं. तोवर मी चौदा जणांना शब्द देऊन बसलो होतो. दिलेला शब्द मागं घेणं आमच्या घराण्यात नाही. म्हणून जादा तिघांना मी पाणी द्यायला, लिंबं कापायला आणि टाळ्या वाजवायला नेमलं. पुढं जे काही घडलं त्यात या तिघांचंच काम चोख झालं, हे आधीच सांगून टाकतो.

वास्तविक मला फुटबॉल नको होता. मला कीर्तन हवं होतं.

पिंपरीच्या आमच्या औषध कारखान्याची कॉलनी तेव्हा अगदी नवी होती. एकसारख्या पिवळ्या भिंती, एकसारखी हिरवी दारं. एकदा भर दुपारी मी दुसऱ्याच बिऱ्हाडात शिरून पाटावर बसलो होतो, आणि घरातल्या बाईंनी पाठमोऱ्याच "आज लवकर?" म्हणून मला ताटही वाढलं होतं. भाजीत गूळ लागला तेव्हा घर चुकल्याचं माझ्या लक्षात आलं. अकरा जिल्ह्यांतली दोनशे कुटुंबं आणि कुणाला कुणाचं नाव ठाऊक नाही. साडेपाचचा भोंगा झाला की माणसं आपापल्या दारात उभी राहून माळावरचा वारा बघत. त्या वेळेला आमच्या गावी मारुतीच्या देवळात पेटीचा सूर लागलेला असे. इथं भोंगा हाच पहिला सूर आणि तोच शेवटचा.

चिंचवडला एवढं मोठं देवस्थान आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, आणि मी दर चतुर्थीला जातही असे. पण परगावच्या देवळात कीर्तन ऐकून माणूस सायकलवरून घरी येतो तो एकटाच येतो. आपल्या वस्तीत कीर्तन झालं तर दुसऱ्या दिवशी नळावर त्याचं बोलणं निघतं. मला ते नळावरचं बोलणं हवं होतं.

आणि कीर्तन हवं होतं ते चिमाजीबुवांचं. आमच्या कऱ्हाडकडचे हे हरिदास. पूर्वरंगात निरूपण, मध्ये नामाचा गजर आणि उत्तररंगात आख्यान, अशी त्यांची जुनी शिस्त. विदुराघरच्या कण्यांचं आख्यान सांगावं तर त्यांनीच. देव भुकेला होऊन विदुराच्या दाराशी येतो, त्या जागी बुवा एक पद म्हणत. ते असं म्हणत, की देवळातलं यच्चयावत माणूस मान वळवून मागं दाराकडं बघे. खरोखर बघे. आई सांगायची, एकदा तालुक्याचे मामलेदार येऊन बसले होते, त्यांनीसुद्धा पगडी सावरत मागं बघितलं.

ते पद मी एकदाही ऐकलेलं नव्हतं. लहानपणी गजर संपता संपता मी आईच्या मांडीवर झोपलेला असे. जाग यायची ती थेट आरतीला. मोठा झाल्यावर कधी परीक्षा आडवी आली, कधी नोकरी. तेच आख्यान इतर बुवांच्या तोंडून चाळीस वेळा ऐकलं. माझी मान काही वळली नाही.

त्या वर्षी श्रावणात बुवांचं कार्ड आलं. "आवाजाचा आता भरवसा नाही. दिवाळीनंतर पुण्याकडे येणे आहे. एक संध्याकाळ तुझ्याकडे देईन. त्यानंतर पेटी मिटणार."

मी कार्ड कपाळाला लावलं आणि कँटीनच्या हॉलसाठी अर्ज केला. आमचे वेल्फेअर साहेब कलकत्त्याचे. अर्ज वाचून त्यांनी तो माझ्याकडं परत सरकवला.

"अर्जुनराव," ते म्हणाले, "सरकारी कारखाना है. धर्म के काम के लिए हॉल देने का रूल नहीं."

"मग कशाला देता येतो, साहेब?"

साहेबांनी नियमावली काढली. हॉल दोनच कारणांसाठी मिळे. एक, मंत्र्यांची भेट. दोन, कारखान्याच्या संघानं बाहेरच्या संघावर विजय मिळवल्यास विजय समारंभ.

"आपल्याकडं संघच नाही," मी म्हणालो.

साहेबांच्या डोळ्यांत कलकत्ता उजळलं. "फुटबॉल मँगवाया है. तीन मॅच पक्की करता हूँ. एक जीतो. सेलिब्रेशन में तुम लोग क्या गाता है, हम नहीं पूछेगा."

मंत्री काही माझ्या हातात नव्हते. मी मान डोलावली.

चेंडू आला तो माझ्याच टेबलावर, कारण मी स्टोअरमध्ये होतो. "चेंडू, चामडी, नग एक." स्टोअरची वस्तू गेटबाहेर जायची तर जबाबदार माणसाची सही लागते. मी सही केली. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर बघतो, तर फुटबॉल संघाचा मॅनेजर म्हणून माझं नाव! साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, चेंडू ज्याच्या सहीनं बाहेर पडतो तो मॅनेजर, यात विचारायचं काय? गेटवरचे हवालदार लक्ष्मणराव रोज संध्याकाळी चेंडूचा गेटपास तीन प्रतींत लिहून घेत आणि सातच्या ठोक्याला चेंडू परत मोजून घेत. एकच असला तरी मोजून घेत. एकदा बाभळीच्या काट्यानं चेंडू फुटला, तेव्हा "गेला तेव्हा गोल होता, आता चपटा हाय, ह्यो दुसरा नग हाय," म्हणून त्यांनी मला पाऊण तास गेटवर उभं केलं होतं. पुढं त्या चेंडूला निकामी ठरवण्याचा दाखला, दाखल्यासाठी पाहणी आणि पाहणीसाठी त्यात हवा भरून आणण्याचा हुकूम, हे सगळं यथासांग झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नियमालाही पोट असतंच.

आमचे शेजारी हिंदुराव मूळचे कोल्हापूरचे. फुटबॉलवर बोलायचं असलं की ते बसत नाहीत, उभे राहतात. नोटीस वाचल्या वाचल्या ते आमच्या ओट्यावर येऊन उभे राहिले.

"अर्जुनराव, फॉरवर्डला अक्कल नसली तरी चालतंय. गोलीला लाज नसली तरी चालतंय. पर मधल्या तीन हाफना दम पायजे बघा, दम! मागनं आलेला बॉल पुढं, पुढं गेलेला परत मागं. हाफ हरला की टीम हरली."

आतून सौभाग्यवती सावित्रीबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा बुवांना माझ्या स्वयंपाकघरात उभं करा. माणसं अंगणात बसतील."

"बुवांचा आवाज आता अंगणापर्यंत पोचायचा नाही गं."

"मग तुमची टीम तरी गोलापर्यंत कुठं पोचणार आहे?" त्या म्हणाल्या. मी लिंबांची यादी करायला घेतली.

दम कुणाला असतो, यावर मी रात्रभर विचार केला. सकाळी बाटल्या धुण्याच्या खात्यात मला उत्तर दिसलं. मुरारी, तात्याबा आणि भैरू, तिघेही चिखलीचे. घरची शेती, त्यात ही नवी नोकरी. तिघेही गावच्या भजनात टाळकरी. आदल्या रात्री चार तास कीर्तनात उभं राहून टाळ वाजवलेले आणि सकाळी सात मैल सायकल हाणून कामावर हजर. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर कालचा बुक्का. ते बघून माझं मन एकदम भरून आलं. संघनिवडीच्या वेळी मॅनेजरचं मन भरून येऊ नये, हे मला पुढं कळलं.

"फुटबॉल खेळणार का?" मी विचारलं.

"काय करायचं असतंय त्यात?" मुरारी म्हणाला.

"मधे उभं राहायचं. मागनं आलेला चेंडू घ्यायचा आणि द्यायचा."

"एवढंच? हाय की मग," तात्याबा म्हणाला. भैरू सहसा बोलतच नसे, टाळ आपटून होकार देई. त्या वेळी टाळ जवळ नव्हते, म्हणून त्यानं दोन बाटल्या एकमेकींवर हळूच वाजवल्या.

आता डावपेच. साहेबांनी एवढंच सांगितलं होतं, "बॉल बीच से जाना चाहिए." बाकीचं मी बसवलं. एका मागणीपत्राच्या कोऱ्या पाठीवर मी मैदान काढलं आणि थोडा वेळ बघत बसल्यावर माझ्या अंगावर काटा आला. अहो, हे तर कीर्तन! पाठीमागचे दोन बॅक म्हणजे पूर्वरंग, सावकाश विषय मांडणारे. मधले तीन हाफ म्हणजे नामाचा गजर. पुढचे पाच फॉरवर्ड म्हणजे उत्तररंग, ज्यात आख्यान शेवटाला न्यायचं. पूर्वरंगानं विषय गजराकडं द्यावा, गजरानं तो रंगवून उत्तररंगाच्या हाती सोपवावा आणि उत्तररंगानं गोल करावा. एवढा शास्त्रशुद्ध डावपेच कलकत्त्यातही कुणाला सुचला नसेल, असं मला वाटलं. मी तो कागद देवापुढं ठेवून मगच मैदानावर नेला.

पहिल्या दिवशी बॅकनं चेंडू मुरारीकडं दिला. मुरारीनं तो पायात घेतला आणि क्षणभरही न थांबता अगदी नेमका, मऊ, लोण्यासारखा परत त्याच बॅकला दिला.

"मुरारी, पुढं!" मी ओरडलो.

बॅकनं पुन्हा दिला. तात्याबानं घेतला आणि बॅकला परत. भैरूकडं गेला, भैरूनं परत. शिवाय तिघेही एका ओळीत, दोन पावलं पुढं, दोन पावलं मागं, डोलत. अर्ध्या तासात चेंडूनं मधली रेघ ओलांडली नाही. पाचही फॉरवर्ड पुढं उभे राहून बाभळीच्या शेंगा मोडत होते.

मी खेळ थांबवला. "अरे बाबांनो, पुढं का देत नाही?"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. तात्याबा समजुतीनं म्हणाला, "आता दिलं कुनी?"

"बॅकनं."

"मंग ज्यानं दिलं त्याला दिलं की. बुवानं चाल टाकली तर टाळकऱ्यानं ती उचलायची आन् बुवाला परत द्यायची. ती दुसऱ्याला कशी देनार? त्यो दुसरा काय बुवा हाय?"

"बुवाचं बुवाला," मुरारी म्हणाला.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी डावपेच आखला होता तो आमच्या हरिदासी कीर्तनाचा. हे तिघे वारकरी कीर्तनातले! त्यांच्याकडं ना उत्तररंग, ना आख्यान. एकच अभंग, एकच बुवा, आणि मागं ओळीनं उभे टाळकरी, जे बुवाची ओळ झेलून बुवालाच देतात. तीन पिढ्या त्यांनी तेच केलेलं. अशा माणसांच्या जिवावर मी आख्यान पुढं न्यायला निघालो होतो.

शहाण्या मॅनेजरनं तिथंच कागद फाडला असता. पण तो कागद मी देवापुढं ठेवलेला. शिवाय तो इतका सुबक होता.

पहिली मॅच खडकीच्या एका संघाशी झाली. त्यांच्या पायांत बूट, आमच्या पायांत काटे. चार गोलांनी हरलो. त्यातला चौथा आमचाच. भैरूला गोलीनं चेंडू टाकला आणि भैरूनं तो इमानानं गोलीला परत दिला, तेव्हा गोली पाठ फिरवून चड्डीची नाडी बांधत होता. भैरूला शेवटपर्यंत आपलं काय चुकलं ते कळलं नाही. "चेंडू अगदी त्याच्या पायाशी दिला हुता," एवढंच तो म्हणाला, आणि महिन्याभरात तो बोलला ते हे एकच वाक्य.

हिंदुराव ओट्यावर येऊन उभे राहिले. "हाफ बदला, अर्जुनराव."

"कुणाला घेऊ? लिंबं कापणारे तिघे धावायच्या कामाचे नाहीत, बाकी सगळे पाळीत अडकलेत. संध्याकाळी मोकळे बाटल्या धुणारे, तेवढेच."

"मग हाफांना दम द्या. मागं पास देईल त्याला बाहेर काढतो म्हणावं."

मी तेही केलं. दुसऱ्या मॅचच्या आधी तिघांना समोर उभं करून सांगितलं, की ज्यानं चेंडू दिला त्याला तो परत द्यायचा नाही, सक्त मनाई आहे. माझा स्वर जरा चढला असावा. त्या मॅचमध्ये तिघांपैकी कुणाकडंही चेंडू आला की तो चेंडूवर पाय ठेवून उभा राही, आणि चुकलेल्या पाहुण्यासारखा चौफेर बघत राही. मग समोरचा एखादा येऊन तो सहज घेऊन जाई. दोन गोलांनी हरलो. पण हरण्यापेक्षा मला त्यांचे चेहरे बघवेनात. ज्या माणसांचं एकच काम आयुष्यभर चोख, त्यांना मी ते काम गुन्हा म्हणून सांगितलं होतं. मॅचनंतर तात्याबानं माझ्या पाया पडून "चुकभूल माफ करा" म्हटलं आणि सायकलवर बसून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तिघेही सरावाला आले नाहीत.

एक मॅच उरली होती. बुवांचं दुसरं कार्डही आलं होतं. अक्षर थरथरलेलं. "आवाज संध्याकाळी जरा बरा असतो. लवकर ठेव."

मी सायकल काढली आणि चिखली गाठली. त्या संध्याकाळी तिथं कीर्तन होतं. तिघांची समजूत घालायला गेलो, पण देवळाच्या पायरीवर बसलो आणि विसरलोच. तिथले बुवा कुणी म्हातारे गृहस्थ होते, बेताच्या आवाजाचे. पण ते ओळ सोडत न सोडत तोच मागचे तिघे ती झेलत आणि अशी ताजी करून परत देत, की बुवांना तेवढ्यात श्वास मिळे. प्रत्येक फेरीला बुवा एक पाऊल पुढं सरकत, टाळकरीही एक पाऊल पुढं. घेतली, दिली. घेतली, दिली. होता होता बुवा गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी जाऊन पोचले.

मी खिशातला तो कागद काढला. नमस्कार केला आणि फाडला.

कीर्तन संपल्यावर तिघांना गाठलं. "तुम्ही काही बदलायचं नाही," मी म्हणालो. "ज्यानं दिलं त्यालाच द्यायचं. फक्त बुवा बदलायचा. बुवा आता मागं नाही, पुढं. आपला फॉरवर्ड ज्योतीराम."

तिघांची तोंडं उजळली, पण तात्याबाला शंका होती. "ज्योतीराम? त्यो इड्या वढतो. आन् कँटीनात अंडी खाताना मी डोळ्यानं बघितलंय. असल्याला बुवा कसं म्हनायचं?"

ज्योतीराम बावीस वर्षांचा, सडपातळ, केसांना तेल थापून भांग पाडणारा. त्याला आठ दिवस विड्या आणि अंडी सोडायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, ही मॅच आहे का गुरुमंत्र?" मी म्हणालो, दोन्ही. त्यानं सोडलं. पाचव्या दिवशी तो इतका चिडका झाला, की सरावात त्याला कुणी अडवेना.

मॅचच्या दिवशी मैदानात उतरण्याआधी मी ज्योतीरामाच्या कपाळाला बुक्का लावला. तिघा हाफनी ओळीनं त्याच्या पायाला हात लावला. समोरचा संघ हे बघून कुजबुजायला लागला. त्यांचा कप्तान रेफ्रीकडं धावला. "सर, ये लोग कुछ जादू कर रहा है." रेफ्री येऊन ज्योतीरामाचं कपाळ हुंगून गेला. नियमांत बुक्क्याबद्दल काही नव्हतं.

गोलीला सांगितलं होतं, की हाफांच्या डोक्यावरून थेट ज्योतीरामाकडं मार. हिंदुराव रेषेवर उभे राहून कपाळ बडवत होते. "मधली फळी वाऱ्यावर सोडली! ह्यो कसला खेळ!" पहिला अर्धा वेळ तसाच गेला. मुरारीनं तर एकदा कहर केला. समोरच्या संघातल्या एकाचा पाय घसरून चेंडू मुरारीकडं आला, आणि त्यानं तो अदबीनं त्यालाच परत दिला. दिला होता त्यानंच.

उत्तरार्धात, खेळ संपायला थोडा वेळ असताना, गोलीनं चेंडू उंच मारला. ज्योतीरामानं तो छातीवर घेऊन खाली उतरवला. पुढं तिघे आडवे. त्यानं वळून मागं मुरारीला दिला आणि पळाला. मुरारीनं न बघता त्याला दिला. त्यानं तात्याबाला दिला, तात्याबानं त्याला. एक पाऊल पुढं. भैरूला दिला, भैरूनं त्याला. बूट घातलेली माणसं चेंडूमागं पळत, आणि पोचेतो चेंडू बुवाकडं गेलेला असे. तिघेही एका ओळीत, डोलत, पुढं पुढं. मला तर कानांत टाळ ऐकू यायला लागले. आणि ज्योतीराम गोलाच्या उंबऱ्यापाशी जाऊन पोचला.

एक शून्य!

हिंदुरावांनी मला उचललं. "हे कोल्हापुरात मी कवाच सांगितलं हुतं!" ते ओरडले. साहेब रुमालानं डोळे पुसत होते. भैरूनं जाळीतून चेंडू काढला आणि जाऊन ज्योतीरामाच्या हातात दिला.

विजय समारंभ पुढच्या शनिवारी, साडेपाच ते साडेसात. कार्यक्रमपत्रिका साहेबांनी स्वतः टाइप करवली. एक, आभार. दोन, चहा. तीन, इतर.

बुवा आले. मी त्यांना चिंचवड स्टेशनवरून टांग्यानं आणलं. वाटेत ते बोलले नाहीत, घसा राखत होते. खूप वाळले होते. हॉलमध्ये माणूस मावेना. ज्यांच्या घरी मी चुकून जेवलो होतो त्या बाईही पुढं बसल्या होत्या. बुवा उभे राहिले, तर मागं मुरारी, तात्याबा, भैरू टाळ घेऊन ओळीनं हजर.

"आमच्या पद्धतीत मागं एवढे कुणी नसतात," बुवा हळूच म्हणाले.

"आसू द्या, बुवा," तात्याबा म्हणाला. "आमी हाय नुसतं."

पूर्वरंग झाला. गजर झाला. मी मांडीला चिमटे काढत जागा होतो. आवाज आत आत जात होता, पण जात होता त्या वाटेवरही गोड होता. आख्यान सुरू झालं. विदुराची बायको कण्या शिजवते आहे. देव वाटेला लागला आहे. आणि माझ्या खांद्यावर हात पडला.

लक्ष्मणराव.

"साहेब, ही पेटी आत आली, ती कंच्या पासावर?"

"नंतर, लक्ष्मणराव. पाया पडतो."

"पडू नका. सही करा. बिनपासाची वस्तू आत हाय, माझी नोकरी जाईल. एक मिनिट."

पेटीवाल्याच्या हातातून ते आता पेटी काढून नेतील, अशी मला धास्ती पडली. मी बाहेर गेलो. दार मागं लोटलं गेलं. लक्ष्मणरावांनी कट्ट्यावर पासाचं पुस्तक उघडलं. "वस्तू, पेटी. रंग? सुरांची संख्या?" मी सुरांची संख्या सांगत होतो, आणि आत बुवांनी पद उचललं.

"दार उघड गे माये..."

एवढंच आलं. आवाज तुटला. आत अशी शांतता, की पेटीच्या भात्याचा श्वास मला बाहेर ऐकू आला. कार्बनच्या कागदांवर माझा हात थांबला.

मग तीन रांगडे गळे उठले. हलक्या हातानं, अगदी मऊ, पायाशी नेमका द्यावा तसं, त्यांनी ते बुवांना परत दिलं. बुवांचा धाग्याएवढा सूर पुन्हा लागला. पुन्हा तुटला. पुन्हा तिघांनी दिला. "दार उघड गे माये, पाहुणा भुकेला."

मला राहवेना. हातात पासाचं पुस्तक तसंच घेऊन मी दार उघडलं.

अख्खा हॉल मान वळवून माझ्याकडं बघत होता.

हिंदुराव, चक्क बसलेले. सावित्रीबाई. गुळाच्या भाजीवाल्या बाई. साहेब, ज्यांना मराठीतलं "चहा" सोडून फारसं काही कळत नसे. ज्योतीराम. दोनशे घरांतली माणसं. सगळ्यांची तोंडं दाराकडं, डोळे मोठे झालेले, जणू ज्याची आयुष्यभर वाट बघितली तो आला. माझ्याकडं तसं कधी कुणी बघितलेलं नाही. पुढं बघणारही नाही. तो मी आहे आणि माझ्या हातात गेटपास आहे, हे कळायला त्यांना जरा वेळ लागला. तेवढा वेळ मी उंबऱ्यात उभा होतो.

"या," बुवा कुजबुजत म्हणाले. "कण्या निवतायत."

हॉल हसला. मी कान लाल करून कडेला बसलो. पद संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर त्याचंच बोलणं होतं, असं सावित्रीबाई सांगत होत्या. मी ते ऐकायला नव्हतो. मी बुवांना पोचवायला चिंचवड स्टेशनवर होतो. पेटी दोरीनं करकचून बांधलेली. बाकावर बसल्यावर मी धीर केला.

"बुवा, ते पद मी आजवर पुरतं ऐकलेलं नाही. लहानपणी झोपायचो. काल बाहेर होतो. इथं, हळू आवाजात, एकदाच..."

बुवांनी गळ्याला हात लावला आणि मान हलवली. मग माझ्याकडं वळले.

"अर्जुना," ते कष्टानं म्हणाले, "पन्नास वर्षं ते पद म्हटलं. त्या वेळी सगळे मागं बघतात. मला कायम मानाच दिसल्या रे, नुसत्या मानेवरच्या शेंड्या आणि अंबाडे. काल तू दारात होतास. तेव्हा चेहरे कसे असतात?"

पुण्याची गाडी यायला वीस मिनिटं होती. मी हिंदुरावांपासून सुरुवात केली.